शून्य अंशावरचे मेण

सिन्ने त्वेइतने आपल्या स्की विकायला काढल्या, तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिचा निर्णय पक्का होता. ईस्टरनंतर शाळेच्या बँडपथकासाठी जुन्या सामानाचा बाजार भरत असे. त्या बाजाराकरिता तिने स्कींना दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर जाड अक्षरांत लिहिले : 'चांगल्या आहेत. दोष त्यांचा नाही.'

घडले होते ते असे. शाळेच्या स्कीदिनी सारा वर्ग टेकडीपलीकडच्या शेकोटीकडे घसरत गेला आणि सिन्ने मात्र स्की खांद्यावर टाकून, पायी, सॉसेज संपल्यावर पोचली. हामार गावात ही गोष्ट लहान नव्हे. मूल चालायला लागते तो काळ तिथे, स्कीवर उभे राहण्यापूर्वीची एक किरकोळ अडचण म्हणून सोसला जातो.

"मी पापासारखी आहे," तिने जेवताना शांतपणे जाहीर केले. "बर्गनची. आम्ही पावसातली माणसं."

"आणि मी?" पाच वर्षांच्या आक्सेलने विचारले.

"तुझं अजून ठरायचंय."

त्यांचा बाप एलिफ, त्याच्या घशात बटाटा अडकला. पावसातला माणूस ही त्याची ओळख खरी होती. बर्गनला समुद्र आणि आभाळ यांच्यामधली रेघ कोणीतरी पुसून टाकलेली असते. त्या पुसलेल्या जागी तो वाढला होता. तिरका पाऊस, उभा पाऊस, छपरावर पुटपुटणारा पाऊस, पडावे की न पडावे या विचारात हवेतच लोंबकळणारा पाऊस, हे सारे त्याच्या रक्ताच्या नात्यातले होते. बर्फ मात्र त्याला सासरचा वाटे : स्वच्छ, अबोल आणि सतत काहीतरी अपेक्षा करणारा. लग्न करून हामारला आल्यापासून दर हिवाळ्यात त्याची कंबर दुखे, किंवा कचेरीत काम निघे, किंवा थर्मास धरायला कोणीतरी मागे थांबणे आवश्यक ठरे. या टाळाटाळीची त्याला आजवर लाज वाटली नव्हती. आज प्रथमच त्याच्या ध्यानात आले की आपण बाजूला टाकून दिलेली ही मिळकत परस्पर लेकीच्या नावावर चढली आहे.

"या ईस्टरला डोंगरावर जाऊ," तो म्हणाला. "मावशीचं लाकडी घर रिकामंच आहे. तिथून वॉफल मिळतात त्या झोपडीपर्यंत जाऊन यायचं. अगदी शिकाऊ पोरंसुद्धा जातात."

"तुझ्याकडे स्कीच नाहीत," सिन्ने म्हणाली.

"मिळतील."

"तुला येत नाही."

"शिकेन."

"मला गुरुवारपर्यंत इस्पितळात ड्यूटी आहे," त्याची बायको सोलफ्रिड म्हणाली. ती परिचारिका होती आणि उत्साही माणसांची हाडे कशी मोडतात हे तिने पुष्कळ पाहिले होते. "थांबा की माझ्यासाठी. नाहीतर निदान मेण न लागणाऱ्या स्की तरी घे. तळाला लव असते बघ त्यांच्या. डोकं चालवावं लागत नाही."

हेच नेमके बोलायला नको होते. स्कीच्या तळाला कोणत्या हवेत कोणते मेण लावावे, या शास्त्राविषयी एलिफला कित्येक वर्षांचे कुतूहल होते. तेच मेण चढावर बर्फाला घट्ट धरते आणि उतारावर अलगद सोडून देते, असे तो ऐकून होता. धरणे आणि सोडणे ही दोन्ही कामे एकाच पदार्थाला कशी साधतात? संसारातसुद्धा हा प्रश्न कोणी समाधानकारक सोडवल्याचे त्याच्या पाहण्यात नव्हते.

"मेणच लावीन," तो म्हणाला.

सिन्नेने काटा खाली ठेवला. "एकदाच येईन. मजा नाही आली तर बाजार. मग समजवायचं नाही."

"नाही समजवणार."

"आईनंही."

"मी काय केलं?" सोलफ्रिड म्हणाली.

खेळाचे साहित्य फुकट उसने देणारे नगरपालिकेचे एक केंद्र होते, आणि एलिफ नगरपालिकेतच क्रीडा विभागाचे नियम लिहीत असे. तेव्हा हा भाग सोपा जाईल असे त्याने गृहीत धरले. खिडकीत ब्योर्ग होती. दुपारच्या सुट्टीत दोघे एकाच टेबलाशी बसून मुकाट्याने डबा खात, म्हणजे त्यांची चांगली मैत्री होती.

"मूल कुठंय?" ब्योर्गने विचारले.

"शाळेत. स्की मला हव्यात."

"मोठ्या माणसाला हव्या असतील तर सोबत स्की करणारं मूल प्रत्यक्ष हजर पाहिजे."

"ठाऊक आहे मला. पण त्या नियमामागचा हेतू असा की..."

"हेतू लिहिलेला नाही. 'प्रत्यक्ष' लिहिलंय."

तो शब्द एलिफनेच घातला होता. मागच्या शरदात एका दुपारी, नुसत्या 'हजर'मध्ये काहीतरी उणे राहते आहे अशी हुरहूर त्याला लागली होती, आणि 'प्रत्यक्ष' सुचल्यावर त्याने स्वतःला बक्षीस म्हणून कॉफी पाजली होती. आपल्याच वाक्याने आपल्याला उंबऱ्यावरून परत पाठवावे, ही लेखकाला क्वचित मिळणारी दाद होय; पण त्या क्षणी तिचा आस्वाद घेणे त्याला जमले नाही.

दुसऱ्या दिवशी तो सिन्नेला प्रत्यक्ष घेऊन गेला.

"स्की करणारं मूल ते हेच का?" ब्योर्गने विचारले. डबा खातानाची ओळख तिने खिडकीत कधी येऊ दिली नाही.

"मी सोडणार आहे," सिन्ने म्हणाली.

ब्योर्गचे पेन थबकले. "कधी?"

"ईस्टरला."

"म्हणजे तोवर करतेस."

सिन्नेने विचार केला. "तांत्रिकदृष्ट्या."

एलिफच्या डोळ्यांत अभिमानाने पाणी आले. आणखी काही नाही तरी नियम वाचण्याची दृष्टी पोरीने उचलली होती. स्की मिळाल्या.

त्या स्की त्याने शनिवारी घराच्या भिंतीला टेकवल्या आणि त्यांच्याकडे क्षणभर साशंक नजरेने पाहिले. एवढे पुरले. त्या गल्लीत वर्षभर कोणी कोणाशी बोलत नसे; कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना समोरचाही आलाच, तर काहीतरी विसरल्यासारखे करून घरात परतावे, इतका तिथे परस्परांविषयी आदर होता. पण मेणाची गोष्ट वेगळी. डावीकडून तोर्स्ताइन बाक्केन आला. तो निवृत्त भूगोलशिक्षक होता. त्याची मोटार गॅरेजबाहेर आणि मेणे गॅरेजात असत, तापमानाच्या क्रमाने मांडलेली. उजवीकडून गुडवाइग आली. तिने ऐंशी केव्हाच ओलांडली होती. कुंपणाच्या उंचीवरून या दोघांत जुना अबोला होता. तो त्यांनी त्या दिवशी विनाअट मोडला.

"निळं लाव," तोर्स्ताइन म्हणाला. "पातळ. बुचानं घासायचं. त्यावर जांभळं. पुन्हा घासायचं."

"त्याच्या नादी लागू नकोस," गुडवाइग म्हणाली. "ईस्टरचा बर्फ म्हणजे जुना बर्फ. रात्री गोठतो, दिवसा रडतो. त्याला क्लिस्टर हवं. ट्यूबमधलं चिकट मेण, लाल."

"क्लिस्टर? पोरांना?"

"पोरांना म्हणूनच. मागं घसरत नाहीत."

"पुढं तरी जातात का? तुझ्या नवऱ्यानं लावलं होतं. दोन दिवस स्कीवरून उतरला नव्हता माणूस."

"उतरला नव्हता," गुडवाइग थंडपणे म्हणाली, "पण पोचला होता."

एलिफने तापमान काय असेल असे विचारले. तोर्स्ताइनने आभाळाकडे पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर गांभीर्य उतरले. उणे असो, अधिक असो, मेण सापडते, तो म्हणाला. भीती एकाच गोष्टीची. शून्य. नेमक्या शून्यावर बर्फ पाणीही नसतो आणि बर्फही नसतो, आणि त्या अवस्थेसाठी मेण आजवर कोणाला सापडलेले नाही. हे बोलून झाल्यावर त्याने टोपी काढली, एखाद्या दिवंगताचे नाव निघाल्यावर काढतात तशी.

गुडवाइगने घरातून ट्यूब आणून त्याच्या हातात ठेवली. "ऊब देऊन लाव. आणि तो हात कशाला लावू नकोस."

"कशाला म्हणजे?"

"कशालाच."

ऊब मिळावी म्हणून एलिफने ती ट्यूब मोटारीत समोरच्या गरम हवेच्या झरोक्यापाशी ठेवली. डोंगर चढू लागल्यावर तिचे टोपण, कोणाचे लक्ष नसताना, अत्यंत संयमाने निघून आले. फणसाचा चीक ज्याने हाताळला आहे त्याला पुढचे सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की फणसात निदान गरे असतात. क्लिस्टर गियरला लागले, गियरवरून हाताला, हातावरून चष्म्याला, आणि चष्मा पुसला म्हणून कपाळाला. आक्सेलने मदत करण्याच्या हेतूने संत्र्याची पिशवी पुढे केली. ती वडिलांच्या बाहीला लागली आणि तिथेच राहायला आली. दर वळणाला एलिफच्या दंडावर संत्री डुलत. वाटेत पेट्रोल भरायला तो तसाच उतरला. काउंटरवरच्या बाईने पिशवीकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "लाल का?"

"लाल," एलिफ म्हणाला.

"लोणी लाव, सुटेल," ती म्हणाली, आणि लोण्याचे पाकीट पुढे सरकवले.

सोमवारी सकाळी ते निघाले. ऊन लख्ख होते. यंत्राने पाडलेल्या दोन समांतर चाकोऱ्या फरच्या झाडांमधून, कोणी पाटीवर शिस्तीत रेघा ओढाव्यात तशा, दूरवर गेल्या होत्या. पाठपिशवीत गरम पाण्याच्या थर्मासात सॉसेज होते, बसायला चटया होत्या, उरलेले लोणी होते. आणि नवल असे की ट्यूबमध्ये उरलेल्या, तिघांच्याही स्कींना लावलेल्या क्लिस्टरने बर्फ धरला. एलिफ पाऊल दाबी आणि बर्फ त्याला सांभाळून घेई. पाऊल उचली आणि बर्फ त्याला जाऊ देई. इतके साधे. त्याला मोठ्याने हसावेसे वाटले. मागे आक्सेल स्वतःशी गात येत होता. सिन्ने गात नव्हती, पण चिडलेलीही नव्हती. एका लहानशा उतारावर तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलल्याचा भास एलिफला झाला. त्याने पाहिले न पाहिलेसे केले. असल्या गोष्टी पाहिल्या की उडून जातात.

मग उन्हावर पडदा आला. वारा नव्हता. झाडे एकाएकी जवळ आल्यासारखी वाटली, आणि आभाळातून मोठमोठे, जड, संथ कण उतरू लागले. थोड्याच वेळात जुन्या बर्फावर नव्याचा थर बसला आणि क्लिस्टरने आपली निष्ठा बदलली. आता ते बर्फाला धरत होते, पण सोडत नव्हते. प्रत्येक पावलागणिक स्कीच्या तळाला नवा बर्फ चिकटे, त्याला आणखी बर्फ चिकटे. त्वेइत कुटुंब पुढे जायचे थांबले आणि वर जाऊ लागले. आधी चार बोटे, मग वीतभर. आक्सेलला यात काही गैर वाटले नाही. "मी आत्ता सहा वर्षांचा आहे," तो म्हणाला.

चढावर तोर्स्ताइन दिसला, निळ्यावर जांभळे लावून. तो झपाट्याने वर चालला होता. "हेइ हेइ," तो म्हणाला, कारण गल्लीत न बोलणारा माणूसही डोंगरावर भेटला की अभिवादन करतो, तशी रीतच आहे. मग चढाच्या मध्यावर त्याच्या पायांखालचे जांभळे हताश झाले, आणि तो तोंड वरच ठेवून, पाठमोरा, हळूहळू खाली घसरत त्यांच्या शेजारून गेला. "हेइ हेइ," तो पुन्हा म्हणाला. पुन्हा चढला. पुन्हा खाली आला. प्रत्येक भेटीला अभिवादन ओघानेच आले. शेवटच्या खेपेला त्याने आवाज न काढता नुसती मान लववली.

"शून्य?" एलिफने विचारले.

"शून्य," तोर्स्ताइन म्हणाला, आणि त्याने स्की काढल्या.

तेवढ्यात सिन्ने थांबली. ती काठ्यांवर रेलून उभी राहिली, वीतभर उंच झालेली, आणि तिचा आवाज आला तो अगदी समजूतदार होता. समजूतदार होता म्हणूनच एलिफला तो लागला.

"पापा, बाजार."

त्याच्यापाशी बोलण्यासारखे पुष्कळ होते. दोष मेणाचा आहे, शून्याचा आहे, गुडवाइगचा आहे. पण समजवायचे नाही असे ठरले होते, आणि ठरलेले मोडायचे तर निदान चांगला शब्द तरी सुचायला हवा. त्याने चेहरा वर केला. एक कण त्याच्या नाकाच्या शेंड्यावर टेकला, क्षणभर अडखळला आणि ओघळला. त्या ओघळण्याचे वजन एलिफला ओळखीचे वाटले. दुसरा कण पडला. मग तो बोलला, सिन्नेशी नव्हे, स्वतःशीच, रस्त्यात अचानक गावाकडचे कोणी भेटावे तसा :

"अरे, हा बर्फच नाही."

सिन्नेने वळून पाहिले. "मग काय आहे?"

"पाऊस आहे. निघाला पाऊस म्हणूनच. वाटेत विचार बदलला, पण पुरता नाही बदलला."

"कशावरून?"

"नाकावर घे. बोटाला खरं कळत नाही, बोट गरम असतं. खरा बर्फ आधी टोचतो, मग विरघळतो. हा टोचतच नाही. ह्याला ओळखतो मी. लहानपणी आमच्या घरावर हाच यायचा."

सिन्नेने नाक वर केले. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या कपाळावर ती बारीकशी आठी पडली जी एलिफने आरशात पाहिली होती, 'हजर'मध्ये काय उणे आहे ते शोधताना. मग ती झाडाखाली सरकली आणि तिथे नाक वर केले. मग वळणावर उघड्यावर.

"झाडाखाली टोचतं," ती म्हणाली. "थोडंसं. इथं नाही टोचत. पापा, दोन पावलांवर दोन वेगळे आहेत."

"असतील. मला झाडाखालचा ठाऊक नाही. आमच्याकडे छत्रीखालचा असे."

"मग कुठलं मेण लावायचं?"

"माहीत नाही," एलिफ म्हणाला. इतकी वर्षे जे कबूल करायला तो भीत होता ते इतक्या सहज निघून गेले की त्याला जरा निराशाच वाटली.

चढाच्या माथ्यावरून पुढचे पठार दिसले आणि तिघेही थबकले. त्या पांढऱ्या विस्तारावर जणू अर्धे हामार पसरले होते, आणि सारे हामार पायी होते. जन्मापासून घसरत आलेली माणसे स्की खांद्यावर टाकून, मऊ बर्फात गुडघ्यापर्यंत रुतत, एकमेकांची नजर चुकवत चालली होती. एखाद्या हरलेल्या पण सुशिक्षित सैन्यासारखी ती दिसत होती. अगदी जवळ, मांडीपर्यंत फसलेली, सिन्नेची वर्गशिक्षिका इदुन होती. स्कीदिनाला सर्वांत पुढे तीच होती.

सिन्नेने खांद्यावरच्या त्या सगळ्या स्कींकडे पाहिले. मग आपल्या पायांकडे पाहिले. वीतभर बर्फाची जोती बांधलेल्या तिच्या स्की रुतत नव्हत्या, घसरतही नव्हत्या. त्यांनी स्कीचा धर्म सोडला होता, हे खरे. पण त्यांच्यावरून चालता येत होते, उंटावरून गेल्यासारखे, डुलत, सावकाश, वरून.

"काढायच्या नाहीत," ती म्हणाली. "आक्सेल, काढू नकोस."

"मी नाहीच काढत. मी सात वर्षांचा झालोय."

ते तिघे पठारावरून निघाले. एलिफच्या बाहीला अजून एक संत्रे होते. इदुनच्या शेजारून जाताना सिन्नेने रीत पाळली.

"हेइ हेइ."

"हेइ हेइ," इदुन धापा टाकत म्हणाली. "तुझं छान चाललंय, सिन्ने."

"ही पावसातली पद्धत आहे," सिन्ने म्हणाली. आणि मग, द्वेषाचा लवलेश नसलेल्या स्वरात, अनुभवी माणसाच्या काळजीने : "तू जरा पाय उचल. उशिरा पोचलं की संपतं सगळं."

वॉफल तयार असले की झोपडीवर लहानसा झेंडा चढत असे. तो चढलेला होता आणि दारात रांग नव्हती. त्या दिवशी तिथे पहिली पोचलेली स्कीवरची व्यक्ती सिन्ने त्वेइत ही होती. वॉफल इतके गरम होते की तपकिरी चीज त्यावर ठेवताच मऊ पडले. ती खात नव्हती. ताटली धरून दारात उभी होती, नाक बाहेर काढून.

"मजा आली का?" आक्सेलनेच विचारले; एलिफला धीर होत नव्हता.

"थांब," सिन्ने म्हणाली. "आत्ता टोचायला लागलंय."

गुरुवारी सोलफ्रिड डोंगरावरच्या घरी आली, तेव्हा तिचे दाराशी कोणी स्वागत केले नाही. नवरा, मुलगी आणि मुलगा अंगणात एका रांगेत, आभाळाकडे तोंड करून, डोळे मिटून उभे होते. परिचारिका असल्याने ती आधी घाबरली. मग बॅग खाली ठेवून तीही रांगेत उभी राहिली. त्या घरात अशा बाबतीत प्रश्न मागाहून विचारत.

ईस्टर सरला. बाजाराच्या शनिवारी हामारवर अवकाळी बर्फ पडला, आणि बँडपथकाचे पालक सामान गोळा करायला टेम्पो घेऊन गल्लीत शिरले. एलिफ खिडकीशी उभा होता. त्याने शब्द दिला होता, म्हणून काही विचारले नव्हते. न विचारण्याने त्याची झोप मात्र उडाली होती. अंगणाच्या भिंतीला सिन्नेच्या स्की टेकलेल्या होत्या. त्यांच्यावर चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी फाटकापाशी ठेवलेल्या मेण न लागणाऱ्या स्कींवर होती. सोलफ्रिडच्या होत्या त्या. सोलफ्रिड कॉफीचा कप घेऊन शेजारीच उभी होती आणि तिचा चेहरा मोठी शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडलेल्या माणसासारखा होता.

"मला विचारून ठेवल्यात तिनं," ती म्हणाली. "यात डोकं चालवावं लागत नाही म्हणे, म्हणून."

पालकांनी चिठ्ठी वाचली, दोष स्कींचा नसल्याची खात्री करून घेतली आणि त्या टेम्पोत टाकल्या.

सिन्ने अंगणातच होती. कुंपणाच्या डाव्या बाजूने तोर्स्ताइन आला. त्याने एका हातात निळे मेण धरले होते, दुसऱ्यात जांभळे, आणि तो काही वेळ नुसताच खाकरत राहिला. उजवीकडे गुडवाइगने खिडकी थोडी उघडली.

"सिन्ने," तोर्स्ताइन अखेर म्हणाला. "आज काय?"

सिन्नेने नाक वर केले. गुडवाइगने खिडकी आणखी उघडली. कण पडला, अडखळला, ओघळला.

"आज चालत जा," ती म्हणाली.

तोर्स्ताइनने गंभीरपणे मान डोलावली, आणि दोन्ही मेणे खिशात टाकून तो बूट बदलायला आत गेला.